जीवशास्त्राची पदवी : शैक्षणिक कर्ज आणि पदवीनंतरची मिळकत यांचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न : विज्ञानार्थिनी

नमस्कार. उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण करून मी जीवशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश घेण्याच्या तयारीत आहे. पेशीजीवशास्त्र आणि अनुवंशशास्त्र या विषयांची मला मनापासून ओढ आहे. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून मी इकडे वळलेले नाही, हे आधीच सांगते, कारण बहुतेक जण तसे गृहीत धरतात.

मला दोन संस्थांत प्रवेश मिळू शकतो. पहिली नावाजलेली असून तिच्या प्रयोगशाळा अत्याधुनिक आहेत, परंतु तिचा एकूण खर्च दुसरीच्या जवळजवळ चौपट आहे. पहिलीसाठी जे कर्ज काढावे लागेल ते जीवशास्त्राच्या पदवीधराला सुरुवातीला मिळणाऱ्या वार्षिक पगाराच्या साधारण दुप्पट भरते. दुसरीसाठी ते त्याच पगाराच्या निम्म्याच्या आसपास राहील. व्याजदर १० टक्के आहे. शिक्षण सुरू असताना हप्ता भरावा लागणार नाही, मात्र व्याज चढत राहील. आई-वडील सहकर्जदार असतील.

पहिल्या संस्थेच्या माहितीपत्रकात माजी विद्यार्थ्यांच्या सरासरी मिळकतीचा आकडा दिलेला आहे आणि तो पाहिला की कर्जाचे ओझे फारसे वाटत नाही. याउलट हाच विषय शिकलेले काही परिचित सांगतात की केवळ पदवीवर मिळणारी नोकरी अगदी बेताच्या पगाराची असते आणि खरी मिळकत पुढच्या शिक्षणानंतरच सुरू होते. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात का, आणि असतील तर कर्जाची तुलना मी नेमक्या कोणत्या पगाराशी करावी? पदव्युत्तर शिक्षण आणि शक्य झाल्यास पीएच.डी. करण्याचीही माझी इच्छा आहे, तेव्हा त्या दृष्टीनेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

उत्तर १ : हिशेबनीस

शैक्षणिक कर्जांच्या अर्जांची छाननी हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी केवळ आकड्यांची बाजू मांडतो. विषयाची बाजू जाणकार सांगतील.

सोयीसाठी पदवीनंतरचा पहिला वार्षिक पगार १०० मानू. म्हणजे पहिल्या संस्थेसाठी कर्ज २०० आणि दुसरीसाठी ५०. हे पैसे एकदम उचलले जात नाहीत, दर वर्षाच्या सुरुवातीला एक चतुर्थांश रक्कम संस्थेला दिली जाते असे धरू. १० टक्के दराने आणि वार्षिक चक्रवाढ पद्धतीने चार वर्षांच्या अखेरीस २०० चे साधारण २५५ होतात, आणि ५० चे ६४. मंजुरीपत्रावर दिसणारी रक्कम आणि परतफेड सुरू होताना खात्यावर असणारी रक्कम यांत एवढा फरक पडतो, याची कल्पना अर्ज करताना फार थोड्या कुटुंबांना असते. तुम्ही तुलना नेहमी दुसऱ्या रकमेची करावी.

आता दहा वर्षांच्या समान मासिक हप्त्यांनी परतफेड धरली, तर पहिल्या कर्जाचे वर्षभराचे हप्ते सुमारे ४०.५ होतात, म्हणजे कर वजा होण्यापूर्वीच्या पगाराचे ४० टक्क्यांहून अधिक. दुसऱ्या कर्जाचे हप्ते सुमारे १० होतात. एकटीने राहून, घरभाडे देऊन आणि स्वतःचा खर्च भागवून पगाराचा दहावा हिस्सा हप्त्यात देणे जमण्यासारखे आहे. चाळीस टक्के देणे म्हणजे एक तर आई-वडिलांच्या घरी राहणे किंवा त्यांच्या बचतीतून हप्ता भरणे. पगार वाढेल, हे खरे आहे; परंतु तो दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढला तरी पाचव्या वर्षी पहिल्या कर्जाचा हप्ता पगाराच्या एक तृतीयांश इतका असेलच.

मुदत १५ वर्षे करून घेतली तर वार्षिक हप्ते ३३ वर येतात, पण मग उचललेल्या २०० पोटी एकूण ४९० हून अधिक रक्कम भरावी लागते. दहा वर्षांत ती ४०५ भरली असती. म्हणून मुदतवाढ हा अडचणीच्या काळातला मार्ग असावा, सुरुवातीपासूनचा बेत नसावा.

एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावे, असा एक प्रचलित आडाखा आहे. तो काही शास्त्रीय नियम नव्हे, तरीही मला तो उपयुक्त वाटतो, कारण १० टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर पगाराइतक्या कर्जाचा हप्ता पगाराच्या सुमारे १६ टक्के होतो आणि बहुतेकांना तो पेलवतो. तुमचे दुसरे कर्ज या मर्यादेच्या बरेच आत आहे आणि पहिले दुपटीने बाहेर. शिक्षण चालू असताना निदान व्याज भरत राहता आले तर अवश्य भरा. दुसऱ्या कर्जासाठी चारही वर्षांचे मिळून ते सुमारे १२.५ इतके होते आणि ते भरल्यास परतफेडीच्या वेळी मुद्दल ५० च राहते. पहिल्या कर्जाचे असे व्याज ५० होईल, म्हणजे दुसऱ्या संस्थेच्या संपूर्ण कर्जाइतके.

उत्तर २ : सूक्ष्मदर्शी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही म्हणणी खरी आहेत, कारण ती वेगवेगळ्या माणसांबद्दल आहेत. मी रेण्वीय जीवशास्त्रात संशोधन करते आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवतेही. हा घोळ मला दर वर्षी दिसतो, आणि त्यापायी चांगल्या विद्यार्थ्यांचे नुकसान होते म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

अभियांत्रिकीची किंवा लेखाशास्त्राची पदवी घेणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच पदवीवर त्याच व्यवसायात जातात. जीवशास्त्राचे पदवीधर मात्र चार वर्षांनंतर चहूकडे पांगतात. काही जण प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागतात, काही शिक्षक होतात, काही औषधविक्रीत किंवा अगदी वेगळ्या क्षेत्रात जातात, काही वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, पशुवैद्यक अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळतात आणि काही पीएच.डी. करतात. पंधरा-वीस वर्षांनी या सर्वांच्या मिळकतीची सरासरी काढली तर तीत डॉक्टरांचे आणि औषधकंपन्यांतील ज्येष्ठ संशोधकांचे उत्पन्न मिसळलेले असते. ते उत्पन्न जीवशास्त्राच्या पदवीने मिळवून दिलेले नसून त्यानंतरच्या अनेक वर्षांच्या, बहुधा आणखी खर्चिक, शिक्षणाने मिळवून दिलेले असते. माहितीपत्रकातला आकडा या प्रकारचा असण्याची बरीच शक्यता आहे. शिवाय सरासरी ही थोड्या लोकांच्या फार मोठ्या पगाराने वर ओढली जाते. म्हणून मध्यक विचारा, म्हणजे अर्धे पदवीधर ज्याच्या खाली आणि अर्धे ज्याच्या वर आहेत तो आकडा. मिळत असेल तर त्याहून खालच्या चतुर्थकाचा, म्हणजे एक चतुर्थांश पदवीधर ज्याच्या खाली आहेत तो आकडाही मागा.

याच्या उलट दिशेचीही एक गल्लत आहे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाचे 'कॉलेज स्कोअरकार्ड' हे संकेतस्थळ संस्थेनुसार आणि विषयानुसार पदवीधरांची मध्यक मिळकत आणि मध्यक कर्ज प्रसिद्ध करते, आणि अशी सोय सगळीकडे असती तर तुमचा प्रश्न निम्मा सुटला असता. परंतु त्या मिळकतीत मोजणीच्या वेळी शिकत असलेले लोक धरले जात नाहीत, आणि ज्यांनी केंद्र सरकारचे शैक्षणिक साहाय्य घेतले होते तेवढेच पदवीधर मोजले जातात. जीवशास्त्रातले बरेच विद्यार्थी त्या सुमारास पुढचे शिक्षण घेत असतात, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांचा आकडा प्रामुख्याने पदवीवर थांबलेल्यांचा असतो. तुमच्या कामाचा आकडा हाच आहे. पुढचे पाऊल काही कारणाने पडले नाही, तर तुम्ही ज्या जागी उभ्या असाल त्या जागेचा पगार तो सांगतो, आणि कर्ज त्या पगारावर फिटण्याजोगे असले पाहिजे.

फरक किती असतो याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देते. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकडेवारीत जैविक तंत्रज्ञांचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ५१ हजार डॉलर आहे आणि वैद्यकीय संशोधकांचे सुमारे १ लाख डॉलर. पहिल्या कामाला सामान्यतः पदवी पुरते आणि दुसऱ्याला पीएच.डी. किंवा वैद्यकीय पदवी लागते. देश बदलला की आकडे बदलतात, हे अंतर मात्र बहुतेक ठिकाणी आढळते.

पीएच.डी.बद्दल तुम्ही विचारले आहे. जीवशास्त्रात बऱ्याच देशांत पीएच.डी. करणाऱ्याला विद्यावेतन मिळते आणि शुल्क माफ होते किंवा संशोधन अनुदानातून भरले जाते, त्यामुळे तिच्यासाठी नवे कर्ज सहसा काढावे लागत नाही. उलट, विद्यावेतन न देणाऱ्या आणि शुल्क घेणाऱ्या ठिकाणी जीवशास्त्राची पीएच.डी. कर्ज काढून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पदवीचे जुने कर्ज मधल्या काळात वाढतच राहते. हिशेबनीसांच्याच पद्धतीने पाहिले, तर पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे काहीही न भरता गेल्यास पहिल्या कर्जाचे २५५ चे सुमारे ३०९ होतात आणि त्यापुढे पाच वर्षे पीएच.डी.त तशीच गेली तर जवळजवळ ४९७, म्हणजे पदवीधराच्या पहिल्या वार्षिक पगाराच्या पाचपट. विद्यावेतन स्वतःच्या पोटापुरते असते, त्यातून एवढ्या कर्जाचे व्याजसुद्धा भरता येत नाही. कर्जापायी मिळालेली संशोधनाची जागा सोडून हाती येईल ती नोकरी धरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांत विषयाची उत्तम जाण असलेले होते. म्हणून ज्याला पुढे शिकायचे आहे त्याने पदवीचे कर्ज इतरांपेक्षा कमी ठेवले पाहिजे, जास्त नव्हे.

उत्तर ३ : गुणवत्ता_कक्ष

औषधनिर्मितीच्या कारखान्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या गुणवत्ता नियंत्रणाचे काम मी करतो आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतींनाही बसतो. केवळ पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्यांविषयी लिहितो, कारण त्यांची टिंगल फार होते आणि माहिती कमी दिली जाते.

सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे खरे आहे. काम पाळीचे असते, नोंदी काटेकोर ठेवाव्या लागतात, आणि पहिली दोन वर्षे तेच तेच परीक्षण करताना ज्ञान वाया जाते आहे असे वाटू शकते. मात्र जो निर्जंतुकीकरणाची तपासणी, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत), एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिने ओळखण्याची चाचणी), पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत), पेशीसंवर्धन यांपैकी दोन-तीन गोष्टी स्वतःच्या हाताने नीट करू शकतो आणि उत्तम उत्पादन पद्धतींचे म्हणजे जीएमपीचे नियम समजून नोंद लिहितो, त्याला आम्ही संस्थेचे नाव पाहून डावलत नाही. मुलाखतीत मी उमेदवाराला त्याने केलेला प्रयोग कुठे फसला आणि कारण कसे शोधले हे विचारतो. ज्याने यंत्र फक्त काचेतून पाहिलेले असते त्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, मग ते यंत्र कितीही अत्याधुनिक असो. त्यामुळे पहिल्या संस्थेच्या प्रयोगशाळा पाहताना पदवीच्या विद्यार्थ्यांना त्या यंत्रांवर प्रत्यक्ष किती तास मिळतात, हे तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. दुसरीकडे साधी उपकरणे असली तरी ती तुमच्या हाताखाली असतील तर ते शिक्षण कमी प्रतीचे नव्हे.

पगार कशाने वाढतो, हेही सांगतो. संख्याशास्त्र आणि संगणकाची एखादी भाषा, म्हणजे आर किंवा पायथन, ज्यांना येते त्यांना जैवमाहितीशास्त्राची (जैविक माहितीचे संगणकाने विश्लेषण) आणि चिकित्सालयीन चाचण्यांच्या, म्हणजे माणसांवर घेतल्या जाणाऱ्या औषधचाचण्यांच्या, विदा-विश्लेषणाची (डेटा) दारे उघडतात. औषधांच्या मंजुरीची कागदपत्रे तयार करणारे नियामक विभाग, चाचण्यांचे समन्वयक, वैद्यकीय लेखन ही कामेही पदवीधरांना मिळतात. यासाठी लागणारे बरेचसे शिक्षण अल्प खर्चात, पदवीबरोबरच घेता येते.

उत्तर ४ : मोकळे_मत

वरील उत्तरांचा आदर राखून एक वेगळी बाजू मांडते, कारण कर्जाच्या भीतीने चांगली संस्था सोडू नये असेही मला तितक्याच तळमळीने वाटते. चांगल्या संस्थेत पदवीच्या काळातच खऱ्या संशोधन गटात काम करायला मिळते, शोधनिबंधात नाव येऊ शकते, आणि ज्यांना त्या क्षेत्रात ओळखतात अशा प्राध्यापकांचे शिफारसपत्र मिळते. विद्यावेतनासह पीएच.डी.चा प्रवेश मिळवताना या गोष्टींना मोठे वजन असते. त्यामुळे केवळ हप्ता आणि पगार यांच्या भागाकारावर निर्णय सोडू नये.

दुसरे असे की कर्जाची रक्कम जितकी महत्त्वाची आहे तितकीच त्याची जात महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये अशी पद्धत आणली की पदवीधराने शुल्काची परतफेड उत्पन्न ठराविक मर्यादेवर गेल्यावरच, कराबरोबर करायची. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पदवी सुरू करणाऱ्यांसाठी २५ हजार पौंडांवरच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९ टक्के इतकीच परतफेड ठरवली गेली आणि ४० वर्षांनी उरलेले कर्ज माफ होते. अशा कर्जात नोकरी गेली तर हप्ताही थांबतो. संशोधनाकडे वळणाऱ्या, म्हणजे बरीच वर्षे कमी उत्पन्नावर काढणाऱ्या विद्यार्थ्याला अशा योजनेत दुप्पट कर्जही झेपू शकते, जे बँकेच्या ठराविक हप्त्याच्या कर्जात झेपणार नाही. तुमचे कर्ज कोणत्या जातीचे आहे, ते आधी पाहा.

विज्ञानार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोकळे_मत यांनी विचारल्याप्रमाणे पाहिले. माझे कर्ज ठराविक हप्त्याचे आहे, दर बदलता आहे आणि अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने परतफेड सुरू होते, मग नोकरी असो वा नसो. पदव्युत्तर शिक्षण सुरू असेल तर मुदत पुढे ढकलण्याची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असे लिहिलेले नाही. हे वाचल्यापासून माझा कल दुसऱ्या संस्थेकडे झुकला आहे. तरीही शिफारसपत्रे आणि संशोधनाचा अनुभव यांचा मुद्दा मनातून जात नाही. कमी खर्चाच्या संस्थेत राहून तो अनुभव मिळवता येतो का?

सूक्ष्मदर्शी

येतो, मात्र तिथे तो आपणहून कोणी देत नाही, मागावा लागतो. पहिल्या वर्षाच्या अखेरीस तुमच्याच संस्थेतल्या संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांकडे जा आणि त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून जा. दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत अन्य संशोधन संस्थांत उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करा. अशा अनेक योजना विद्यावेतन देतात आणि त्या विद्यार्थ्याच्या मूळ संस्थेच्या नावावर अडून बसत नाहीत. माझ्या प्रयोगशाळेत असे आलेले विद्यार्थी पुष्कळदा अधिक चिकाटीने काम करतात, आणि त्यांना मी दिलेले शिफारसपत्र हे मी स्वतः पाहिलेल्या कामावर आधारलेले असते. पहिल्या संस्थेने शुल्कात भरीव सवलत दिली आणि कर्ज एका वर्षाच्या पगाराच्या आत आले, तर मात्र माझेही मत बदलेल. तशी सवलत लेखी मागायला काहीच हरकत नाही.

हिशेबनीस

एक वर्षाची सवड मिळते म्हणता, तर त्या वर्षाचेही व्याज हिशेबात घ्या. ६४ चे त्या वर्षात ७० होतात. दर बदलता असल्यामुळे तो २ टक्क्यांनी वाढल्यास हप्ता किती होईल, हे कर्ज देणाऱ्यांकडून लिहून घ्या. हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या म्हणजे स्थगितीच्या काळातले व्याज सरळ आकारले जाते की दर वर्षी मुद्दलात मिळवले जाते, मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड आहे का, आणि विद्यार्थ्याचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले तर सहकर्जदारांवर काय जबाबदारी राहते, हे तीन प्रश्न आई-वडिलांनी सही करण्यापूर्वी विचारलेच पाहिजेत. शेवटच्या प्रश्नासाठी बहुधा विमा सुचवला जातो. त्याचा हप्ता कर्जातच मिळवला जाणार असेल तर ती रक्कम वेगळी दाखवायला सांगा.

आणि पदवी अर्धवट सुटण्याची शक्यता प्रत्येकाने लक्षात घ्यावी. पदवी हाती नाही आणि कर्ज मात्र डोक्यावर आहे, अशी प्रकरणे माझ्या कामात सर्वांत अवघड ठरली आहेत. म्हणून पूर्ण रक्कम मंजूर झाली असली तरी दर वर्षी त्या वर्षापुरतीच उचला, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर तेवढी उचल कमी करा.